फाटकाबाहेरचं शब्दकोडं

५ फेब्रुवारी, बुधवार

कामगार कार्यालयातल्या कारकुनाने सांगितलं, "रोजची नोंद ठेवा. किती जणी आल्या, कोण काय बोललं, सगळं. पुढे उपयोगी पडतं." म्हणून हे लिहायला घेतलं. ही डायरी कंपनीनेच नवीन वर्षाला वाटलेली आहे. वर सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव आणि चार भोकांच्या बटणाचं चित्र. त्यांच्याच डायरीत त्यांच्याविरुद्ध लिहायला बरं वाटतंय.

तर नोंद. आम्ही तेवीस जणी बटणांच्या कारखान्यात तपासणीला आहोत. खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर बटणं पसरायची आणि तडा गेलेलं, भोक चुकलेलं, रंग उडालेलं बाजूला काढायचं. मी हे सव्वीस वर्षं करतेय, तेही स्टुलावर बसून. गेल्या महिन्यापासून मालकांचे जावई कारखाना बघायला लागले. आम्ही त्यांना नुसतं 'जावई' म्हणतो. त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की उभ्याने हात जास्त चालतो. सोमवारी कामावर आलो तर स्टुलं गायब. नऊ तास उभं राहायचं, मान खाली घालून. काल दुपारपर्यंत राहिलो. आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी, त्यांच्या सुजलेल्या पायात चप्पल शिरेना. मग मी फरशीवर बसले. माझ्यामागे सगळ्या बसल्या. आज सकाळी फाटक आमच्यापुरतं बंद.

फाटकावर कागद चिकटवलाय, 'बेशिस्त वर्तन' वगैरे. खाली सही मॅडमची. मॅडम म्हणजे आमच्या हजेऱ्या, रजा, पगारपत्रकं बघणाऱ्या. त्यांची खिडकी बरोबर फाटकाच्या वर, पहिल्या मजल्यावर. या बाईचं आणि माझं जुनं आहे. तीन वर्षांपूर्वी आईचं शेवटचं चाललं होतं तेव्हा मी दोन दिवस मागितले होते. अर्ज परत आला, खाली दोन शब्द: 'कारण अपुरे'. अक्षरांवर रेघसुद्धा ओढली नव्हती, इतकी घाई. आई गेली तेव्हा मी टेबलावर बटणं निवडत होते. तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे.

आत बसू देत नाहीत, तर आम्ही समोरच्या फुटपाथवर बसलोय. स्टुलं परत आल्याशिवाय आत पाय ठेवणार नाही. बघू कोण आधी उठतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

तेवीसपैकी एकवीस. दोघींच्या घरी पाहुणे म्हणे.

कारकुनाने आणखी एक सांगितलं. कंपनी आता वर्तमानपत्रात आमच्या नावांची नोटीस देईल, की अमुक दिवसांत हजर व्हा. ती नजरेतून सुटली तर आपण आपणहून नोकरी सोडली असं धरतात. म्हणून आजपासून रोज पेपर घ्यायचा. नोटिसा सातव्या पानावर येतात. वाचायचं काम मास्तरणीकडे. ती कॉलेजात एक वर्ष काढून आलेली, म्हणून मास्तरीण. मावशींना कमी ऐकू येतं, त्यामुळे ती ओरडून वाचते. पलीकडच्या सायकल दुरुस्तीवाल्यालासुद्धा आज कळलं की कुणाची जमीन विकायची आहे आणि कुणी आडनाव बदललंय.

आमची नोटीस नव्हती. नोटिसांच्या खालीच शब्दकोडं असतं. मास्तरणीने तेही ओरडून वाचायला घेतलं. मी म्हटलं, "आपण इथे भांडायला बसलोय की खेळायला?" ती म्हणाली, "ताई, दिवसभर फाटकाकडे बघून वेड लागेल." खरं तर अकराच्या सुमाराला चौघी उठायच्या बेतात होत्या. कोड्यात अडकल्या आणि दुपारचे डबे इथेच उघडले. मग मीच नियम करून टाकला. रोजचं कोडं सुटल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

नियम केला खरा, पण मला स्वतःला एकही शब्द आला नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज गंमत झाली. कालचा आडवा सात अडून बसला होता. 'बंद केल्यावरच कामाचा', तीन अक्षरं. आम्ही 'पाकीट' लिहून मोकळ्या झालो होतो, पण मग उभा आठ जुळेना. मास्तरणीने पाच वेळा ओरडून वाचलं. शेवटी अंधार पडायला लागला तसं मी म्हटलं, एक शब्द राहिला तर आभाळ कोसळत नाही, चला.

आज सकाळी फाटकाच्या खालच्या फटीत गुलाबी कागदाची चिठ्ठी. जुना गेटपास कापून त्याच्या मागे लिहिलेलं: 'पाकीट नव्हे. जुना शब्द घ्या. लाखेने बंद करत.' मास्तरीण जागच्या जागी उडाली. 'लखोटा'. उभा आठही जुळला.

गेटपास असतात वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये. म्हणजे हे काम म्हाताऱ्याचं. आमच्याशी बोलायची त्यांना बंदी आहे, बोलले तर घरी जा असा हुकूम. मी गजांतून नुसती हसले. त्यांनी आधी वर बघितलं, मग माझ्याकडे, मग रजिस्टरात डोकं घातलं. भला माणूस. अक्षर बारीक आणि गोल, पण रेघा न ओढलेलं. हात थरथरत असतील या वयात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

एकोणीस.

आता रोज एक चिठ्ठी येते. उत्तर कधीच देत नाहीत, नुसतं बोट दाखवतात आणि पुढचं आमच्यावर सोडतात. मला तेच आवडतं. फुकटचं कुणाचं घेतलंय असं वाटत नाही.

घरी पेपर घेऊन आले होते. हे शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहेत, संध्याकाळी पाय पसरून बसतात. विचारलं, "'हटून बसलेली', चार अक्षरं, शेवटी ठी." हे उरलेल्या पेपरमधून डोकंही वर न काढता म्हणाले, "त्यात काय विचारायचं, तुझं नाव लिही." मग 'आडमुठी' सुटलं. हसलो दोघंही. थोड्या वेळाने हे म्हणाले, "बघ हां, सव्वीस वर्षांची नोकरी आहे." मी म्हटलं, "म्हणूनच." सकाळी बसायची सतरंजी मात्र यांनीच झटकून दिली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

'दिवसाचे आजोळ', पाच अक्षरं, तिसरं णा. मामाची जेवढी म्हणून घरं असतात तेवढी लिहून पाहिली.

चिठ्ठी आली: 'माझी मुलगी तीन वर्षं तिथे राहिली. संध्याकाळी न्यायला गेले की दुसऱ्याच बाईच्या पदराला धरून असायची.'

'पाळणाघर'. आमच्यातल्या निम्म्या जणींची पोरं तशीच वाढलीत. मग मास्तरीण म्हणाली, "पण ताई, काकांना तर दोन मुलगेच आहेत. आणि हे 'गेले' असं लिहिलंय." मी म्हटलं, "म्हातारा माणूस बायकोचं म्हणणं लिहीत असेल. सून असेल, नात असेल. आपल्याला शब्द सुटला ना?" उगाच कीस पाडायची सवय आहे तिला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सोळा. शनिवारपासून चिठ्ठी नाही. काका ड्युटीवर आहेत, समोर दिसतात, तरी नाही. जावयांनी दम दिला असेल. शनिवारपासून वरची खिडकीही बंद आहे. मॅडमची मुलगी आजारी म्हणून त्या रजेवर आहेत असं आतून कळलं. त्यांच्या रजेला कारण पुरतं बरं.

जावयांनी फाटकाबाहेरचा नळ आजपासून बंद केला. मी कॅन आणायला सायकलवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "बाई, घ्या हवं तेवढं, पण तो उभा सहा काय होता तो सांगा. डोक्यातून जात नाही." म्हणजे पलीकडेही कोडं सुटतंय. मला राग आला होता तो पळालाच. पाणी दोन कॅन मिळालं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नोटीस आली.

सातवं पान, उजवीकडे, चौकटीत. तेवीस नावं. माझं पहिलं. सात दिवसांत हजर व्हा, नाहीतर तुम्ही नोकरी सोडली असं समजण्यात येईल. मास्तरणीने आज हळू आवाजात वाचलं. मावशी "काय गं, काय?" करत राहिल्या आणि कुणी त्यांना सांगेना. शेवटी मी कानाशी जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं नाव बरोबर छापलंय का? लग्नाच्या पत्रिकेनंतर आत्ताच छापलं गेलं."

त्याच्या खालचं कोडं आज कुणी उघडलं नाही. मी मुद्दाम उघडलं. नियम म्हणजे नियम. 'नावे असतात, माणसे असतीलच असे नाही.' पाच अक्षरं. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "हजेरीपट." जुळला. माझा पहिला शब्द. एवढा आनंद व्हायचं कारण नव्हतं, नोकरी चालली होती, पण झाला.

१ मार्च, शनिवार

अकरा जणी.

खरं लिहिते, कारण हे कुणी वाचणार नाही. काल मला झोप लागली नाही. मी बसले म्हणून बावीस जणी बसल्या. मास्तरणीच्या घरात तिचाच पगार येतो. मावशींना कोण दुसरीकडे ठेवून घेणार? आणि मी कशासाठी हटले, तर स्टुलासाठी. लोकांना सांगतानासुद्धा लहान वाटतं. पण उभं राहून बघा म्हणावं नऊ तास. तिसऱ्या तासाला माणूस बटण बघत नाही, घड्याळ बघतो.

गेलो परत तर उभं राहावं लागणार. नाही गेलो तर संपलं. दोन्हीकडून बंद. पहिल्या दिवशी म्हटलं होतं बघू कोण आधी उठतं, आज वाटतंय ते आपणच असू. हे वाक्य खोडणार होते, पण नोंद म्हणजे नोंद.

३ मार्च, सोमवार

चिठ्ठी आली. नऊ दिवसांनी. वरची खिडकी उघडी होती, म्हणजे मॅडम कामावर, आणि तरीही काकांनी हिंमत केली. कोड्याबद्दल एक अक्षर नव्हतं. असं होतं:

'आडवे: सरकारी तपासनीस येतो, गुरुवारी, अकरा वाजता. उभे: त्या आधी दहाला गोदामातली स्टुलं वर येणार, एक वाजता परत खाली. नोटिशीचे सात दिवस शुक्रवारी संपतात. त्या आत हजर झालात तर फाटक उघडावंच लागतं.'

मी चार वेळा वाचलं. मग मास्तरणीला दिलं. ती चिठ्ठी घेऊन चक्क रडायला लागली. मावशी म्हणाल्या, "आज एवढा अवघड शब्द आहे का?"

संध्याकाळी आम्ही घरोघर फिरलो. तेवीसच्या तेवीस जणींना सांगितलं, ज्या घरी बसल्या होत्या त्यांनासुद्धा. गुरुवारी सकाळी आठला हजर. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. दहा वाजेपर्यंत गुमान उभं राहायचं.

६ मार्च, गुरुवार

आज पहिल्यांदा सगळं नीट लिहावंसं वाटतंय.

आठला तेवीस जणी फाटकाशी. जावई स्वतः आले, हसत. "अक्कल आली म्हणायची." मी खाली मान घातली. फार जड गेलं ते. मॅडम जिन्यात हजेरीपट घेऊन उभ्या. नावं घेतली, खुणा केल्या, माझ्याकडे बघितलंही नाही.

दोन तास उभ्याने काम. दहाला हमाल स्टुलं घेऊन आले, गोदामातली धूळ अंगावर तशीच. जावई म्हणाले, "जरा वेळ बसा. कुणी विचारलं तर काही तक्रार नाही म्हणायचं." बसलो. इतक्या दिवसांनी त्या टेबलाशी बसले आणि गुडघ्यांतून कळ गेली ती मानेपर्यंत. डोळ्यांत पाणी आलं, ते काचेच्या उजेडामुळे असं मी बाजूचीला सांगितलं.

अकराला तपासनीस. चष्मा, जाड वही, घाईत. विचारलं, "बसायची सोय आहे ना?" मी म्हटलं, "आहे साहेब. आज दहा वाजल्यापासून आहे." ते थांबले. "आणि आधी?" मी काही बोलायच्या आत मावशींनी, त्यांना ऐकू आलं की नाही देव जाणे, पाय पुढे करून घोटे दाखवले. तपासनिसांनी स्टुलावरच्या धुळीवर बोट फिरवलं. मग वहीत लिहिलं, मोठ्याने म्हणत: "तपासणी विभाग, स्टुलं तेवीस." मास्तरणीने वाकून आकडा बघितला. जाताना ते जावयांना म्हणाले, "पुढच्या वेळी मी कळवून येणार नाही."

एकला हमाल आले. "स्टुलं न्यायचीत." कुणी उठलं नाही. जावई आले. कुणी उठलं नाही. मी बटणं निवडत होते, हात थांबवला नाही. आमच्या वजनासकट न्या म्हणाले असते तर आम्ही तशाही गेलो असतो. पाच मिनिटं त्या खोलीत नुसता बटणांचा आवाज. मग जावई गेले आणि हमालांतला एक मला हळूच म्हणाला, "जिना चढवून आमच्याही पाठी मोडल्या, बसा आता कायमच्या."

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "म्हणजे शेवटी बसण्यासाठी उभी राहिलीस." मी आज त्यांना बोलू दिलं.

८ मार्च, शनिवार

जावयांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत, मीच खुर्ची ओढली.

"गुरुवारचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं?"

"मला शिकवू नका. बाहेरच्या कुणाला माहीत नव्हतं. फाटकावरचा म्हातारा असणार. तुमच्याकडे बघून हसताना मी पाहिलंय त्याला. सोमवारपासून त्याला घरी पाठवतो."

काकांनी आमच्यासाठी एवढी जोखीम घेतली आणि या वयात त्यांना बाहेर काढणार. मग एकदम सुचलं. म्हटलं, "म्हाताऱ्याचा काय संबंध? तुमच्या मॅडमनीच सांगितलं. रोज चिठ्ठ्या पाठवायच्या, आधी शब्दकोड्याच्या, मग ही."

मी इतकी गंभीर होते की मलाच खरं वाटायला लागलं. आता बसा म्हणावं एकमेकांना विचारत. त्या नाही म्हणतील, पुरावा काही नाही, आणि काका सुटले. एक-दोन दिवस त्या बाईला कळू दे, आपलं कारण अपुरं पडलं की कसं वाटतं.

बाहेर येऊन मास्तरणीला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "ताई, खोटं कशाला?" मी म्हटलं, "तू अजून लहान आहेस."

१० मार्च, सोमवार

काका फाटकावर आहेत. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी सुटताना मॅडम आमच्या पुढे चालल्या होत्या. हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात खिडकीतली छोटी कुंडी. लोक म्हणत होते, काढलं त्यांना. इतकं होईल असं मला वाटलं नव्हतं, पण वाईट वाटलं असंही नाही. काहीतरी आधीचंच साचलेलं असणार, माझ्या एका वाक्याने कुणाची नोकरी कशी जाईल?

माझ्याजवळ आल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "बसायला मिळतंय ना नीट?"

मी म्हटलं, "मिळतंय. तुमच्या कृपेने नव्हे."

"नाही, खरंच," म्हणाल्या आणि गेल्या. काकांनी त्यांच्यासाठी मोठं फाटक उघडलं. एरवी सगळ्यांना लहान दार.

१३ मार्च, गुरुवार

हात चालत नाहीये. तरी लिहिते.

जेवणाच्या सुट्टीत पेपर घेऊन काकांच्या केबिनमध्ये गेले. आता बोलायची बंदी नाही. म्हटलं, "काका, समोरासमोर सोडवू या आज. आडवा चार बघा." पेपर पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"ताई, मला वाचता येत नाही."

मला वाटलं चष्मा नसेल.

"नाही हो. अक्षर ओळखतच नाही मी. आकडे तेवढे येतात, गाड्यांचे नंबर लिहायला. बाकीचं रजिस्टरात ड्रायव्हरच भरतात."

"मग चिठ्ठ्या?"

त्यांनी वर बघितलं. खिडकी बंद होती, कुंडीच्या जागी गोल डाग. "त्या द्यायच्या, मी फटीत सरकवायचो. कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली होती. तुम्ही साहेबांपुढे त्यांचं नाव घेतलंत तेव्हा मला वाटलं, तुमचं दोघींचं काही ठरलं असेल."

मी केबिनच्या पायरीवर बसले. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, काकांनी पाण्याचा पेला दिला.

घरी येऊन कपाटातला अर्ज काढला. चिठ्ठ्या मी ठेवल्या होत्या, त्या शेजारी मांडल्या. तेच अक्षर. बारीक, गोल, वर रेघ नाही. तीन वर्षं मी तो कागद रागाने बघतेय आणि महिनाभर त्याच अक्षराची सकाळी वाट बघत होते. चांगलं बटण, खराब बटण चिमटीत ओळखणारी बाई मी.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी पहिल्यांदा जावयांकडे गेले. म्हटलं, "शनिवारी मी खोटं बोलले."

ते हसले. "खोटं? मी त्यांना सहज विचारलं, की या बायका असं काहीबाही म्हणतात. मला वाटलं हसतील. त्यांनी तिथेच लिहून दिलं, हो, मीच सांगितलं. तुम्ही नाव घेतलं नसतं तर मला स्वप्नातही वाटलं नसतं. उलट तुमचे आभारच मानायला हवेत."

या माणसाने माझे आभार मानले. यापेक्षा त्याने थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

दुपारी सगळ्यांना सांगितलं, काहीही न झाकता. मावशींसाठी दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा जास्त लाज वाटली. मावशी म्हणाल्या, "तुझ्या जिभेला हाड नाही, हे मी वीस वर्षं सांगतेय." काही जणी म्हणाल्या, त्यांनीच तर नोटिशीवर सही केली होती, आपल्या रजा कापल्या होत्या, आता स्टुलं मिळालीत, गप्प बसू. मी त्यांना काय बोलू? मलाही ती बाई आवडत नाही. आजही नाही. पण त्यांनी आपल्या खुर्चीवरून उठून आपल्याला बसवलं आणि मी त्यांना रस्त्यावर आणलं. आवडण्याचा प्रश्न येतोच कुठे?

मी म्हटलं, "सोमवारी मी बाहेर बसणार आहे. कुणी आलं नाही तरी बसणार."

१६ मार्च, रविवार

काकांकडून पत्ता घेऊन मॅडमच्या घरी गेले. दुसरा मजला, दारावर मुलीने चिकटवलेला कागदी मासा. बेलवर बोट ठेवलं आणि दाबता आलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. जिना उतरून परत आले. जावयासमोर खुर्ची ओढून बसणारी मी, एका बेलला घाबरले. यांना सांगितलं बाजारात गेले होते.

१७ मार्च, सोमवार

आठ वाजता मी सतरंजी टाकली. सव्वाआठला मास्तरीण. मग मावशी, हातात काठी. नऊपर्यंत तेरा जणी. बाकीच्या आत गेल्या, त्यातली एक जाताना म्हणाली, "ताई, तुमची स्टुलं आम्ही सांभाळतो, हलू देत नाही." तेही काम आहे.

जावई दहाला फाटकाशी आले. "आता काय हवंय? स्टुलं दिली ना?"

"स्टुलं आमचीच होती. मॅडमना परत घ्या."

"त्यांनी कंपनीशी दगा केला."

"तुम्ही तपासनिसाला दाखवायला तीन तासांपुरती स्टुलं आणत होता, ते त्यांनी सांगितलं. हे कामगार कार्यालयात लिहून दिलंय मी शनिवारीच, सगळ्या चिठ्ठ्यांसकट. आणि कुणाच्या सांगण्यावरून त्यांना काढलं, तेही. माझ्या नावाने, सहीने."

ते आत गेले. फाटक लागलं.

साडेअकराला मॅडम आल्या. कुणी कळवलं माहीत नाही, काका नुसते आकाशाकडे बघत होते. इस्त्रीचे कपडे, पायात तेच कार्यालयातले बूट. फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या. त्यांना कुठे बसायचं कळेना.

मी उठले. म्हटलं, "मी तुमचं नाव तुम्हाला बुडवायला घेतलं होतं. मला माहीत नव्हतं ते खरं आहे. माझं चुकलं."

"ठाऊक आहे. जावयांनी सांगितलं तेव्हाच कळलं, तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही नाव घेतलं नसतं."

"मग 'नाही' का म्हणाला नाहीत?"

"नाही म्हटलं असतं तर काका गेले असते. आणि खरं सांगू? दहा वर्षं त्या खिडकीत बसून मी नाहीच म्हणत आले. एकदा हो म्हणून बघितलं."

मास्तरणीने विचारलं, "पण मॅडम, चिठ्ठ्या कशाला सुरू केल्या?"

"तुम्ही पाकीट लिहिलंत," त्या म्हणाल्या. "दिवसभर ओरडत होतात पाकीट, पाकीट. राहवलं नाही."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. मला एक विचारायचंच होतं, आणि आज नाही विचारलं तर कधीच नाही. म्हटलं, "माझ्या आईच्या वेळची रजा. ती तुम्हीच नाकारलीत, की वरून आलं होतं?"

"मीच. त्या दिवशी सात अर्ज होते, मी वाचलासुद्धा नव्हता नीट."

त्यांना सहज खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "ते मी माफ केलेलं नाही. करेन असंही सांगत नाही."

"नका करू," त्या म्हणाल्या.

मग मी सतरंजीवर सरकून जागा केली. त्या बूट काढून माझ्या शेजारी बसल्या, पाय कसे घ्यायचे ते दोन-तीनदा बदलून. ऊन वर आलं होतं. मावशींनी पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "ही कोण नवीन?" मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, "आपल्यातलीच आहे." तेवढं वरच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल.

आज चौदा जणी.